अंड्यातला मधला थर

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि समजा की तुम्ही खुडूक कोंबडीखालच्या अंड्यात शिरला आहात. आत पिवळा बलक आहे. त्यावर टिकलीएवढा पांढुरका ठिपका आहे. त्या ठिपक्यात तीन पातळ थर एकावर एक पसरले आहेत. वरच्याची कातडी, पिसे आणि डोळे होतात. खालच्याची आतडी होतात. या दोघांच्या मध्ये दबलेला तो मी. मी मधला थर आहे, आणि माझे नाव कुणीच घेत नाही याचा मला फार वैताग येतो.

माझा जन्म मिरजगावचा, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला, मरिया आत्याच्या अंडी उबवायच्या पाटीत झालेला. वरच्या थरातून सुटून मी दोघांमधल्या फटीत शिरलो आणि लगेच कामाला लागलो. रक्त केले, नळ्या केल्या, हृदय केले. बाकीचे दोघे आपली घडी नीट घालत होते, तेव्हा माझे हृदय धडधडतही होते. हाडांचे आणि मांसाचे कामही माझ्याकडेच.

बाहेर मात्र निराळाच गोंधळ. आत्याने भाचीला, दयाला सांगितले होते, "ह्ये अंडं तुजं. पिल्लू निघालं की तूच पाळ." झाले! दया रोज अंडे उचलून कानाशी हलवी. माझ्या केसाहून बारीक नळ्यांना हिसके बसत. ओरडावे तर मला तोंड नव्हते. ते काम दुसऱ्यांकडे होते.

एके सकाळी शेजारच्या बायडाबाई अंडी पारखायला आल्या. अंडे कानाशी हलवायचे आणि आत गदगद आवाज झाला की नासके ठरवायचे, ही त्यांची रीत. दोन अंडी त्यांनी उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवली. मग माझी पाळी आली.

"ह्येबी गेलं. बलक गदगदतोय. बलकच फुटला तर पिल्लू कशाचं व्हनार?"

"पर मावशी, ह्ये माजं हाय," दया म्हणाली.

"तुजं हाय म्हनून नासायचं ऱ्हातंय व्हय? जा, टाकून ये."

अहो, बलक ही नुसती शिदोरी! पिल्लू आमचे तिघांचे होते. पण हे सांगणार कोण?

दया अंडे घेऊन निघाली. अंधाऱ्या सोप्यात कौलातून एक कवडसा उतरला होता. रॉकेल मापाने मिळण्याच्या त्या दिवसांत दिवसा दिवा कोण लावणार? टाकण्याआधी एकदा पाहावे म्हणून तिने अंडे कवडशात धरले आणि ती जागच्या जागी थांबली.

"आत्ये, ह्यात तांबडं जाळं हाय. मदी कायतरी हालतंय."

"तुज्या डोळ्यात जाळं आसंल," बायडाबाई म्हणाल्या.

आत्याने जवळ येऊन वाकून पाहिले. ते तांबडे जाळे माझे होते, मित्रांनो. आता तरी कौतुक होईल म्हणून मी वाट पाहिली.

"आगं बाई, डोळा बघ कसा काळाभोर हाय," आत्या म्हणाली.

डोळा! तो वरच्या थराचा! असो. जीव वाचला.

तुम्हाला एवढेच सांगतो, उबवणीचे अंडे कानाशी हलवू नका. हळूच उजेडासमोर धरा आणि जाळे दिसले की पुन्हा उबेत ठेवा. आत कुणीतरी गाजावाजा न करता राबत असते.

दयाने मला कोंबडीखाली सरकवले. मग कुणाला न विचारता ती उकिरड्याकडे पळाली, ती दोन अंडी ओच्यात घालून आणली आणि पहिले अंडे, अजिबात न हलवता, कवडशात धरले.