दयेचा आकडा

तिचं काम लोकांना मारण्याचं होतं, पण बेताबेताने. फार लवकर मेले तर लोक वैतागून उठून जातात आणि मेलेच नाहीत तर जांभया देतात. या दोन कंटाळ्यांच्या मधली जागा शोधत ती सहा वर्षं एका गेमच्या स्टुडिओत बसली होती. राक्षसाने किती वेगाने धावायचं, बाण किती वेळात छातीत घुसायचा, हे सगळे आकडे तिच्या हातात. ऑफिसात तिला यमबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडायचं.

गेमचं नाव ‘सात तळ’. हातात आग ओकणारी मंतरलेली बंदूक घ्यायची आणि एका शापित महालाच्या पायऱ्या उतरत खाली खाली जायचं. समोर राक्षस, हाडांचे तिरंदाज, भिंतीतून सळसळत निघणारे साप. सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहतोय असं, आणि इतक्या वेगात की पापणी लवली की गेलात. मेलात की पुन्हा वरच्या दारात उभे. जमवलेली हत्यारं गेली, आतल्या खोल्यांची मांडणीही बदलली. हाती उरते ती मूठभर राख, तिच्यावर पुढच्या खेपेला एखादा जादा मंत्र मिळतो. मरायचं, शिकायचं, पुन्हा उतरायचं, एवढाच त्यातला वेडेपणा. आणि लोक त्यासाठी जेवणखाण विसरत.

या धंद्यात एक गोष्ट असते, ती बाहेर कुणी बोलत नाही. स्टुडिओतले लोक त्या गोष्टीला दया म्हणत. खेळणारा मेला की पुढच्या खेपेला राक्षस केसभर मंद व्हायचे. पुन्हा मेला, अजून केसभर. खेळणाऱ्याला वाटायचं, आपला हात बसला. स्टुडिओचा मुख्य माणूस, ज्याला सगळे कप्तान म्हणत, त्याचा दंडक होता: दया दहा पायऱ्यांवर थांबलीच पाहिजे, आणि खेळणाऱ्याला तिचा सुगावा लागता कामा नये. “जिंकणाऱ्याला आपण जिंकलो असंच वाटलं पाहिजे. नाहीतर कशाला बनवतोय आपण हे?” तो म्हणायचा. ती मान डोलवायची. यात काही वाईट आहे असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिचे बाबा दगड कापायच्या कारखान्यात क्रेनवर होते. खोलीएवढाले दगड उचलून करवतीपर्यंत न्यायचे, सव्वीस वर्षं. ते वर काचेच्या केबिनमध्ये, दोन हातांत दोन दांडे, आणि खाली त्यांचा जोडीदार, गळ्यात शिट्टी अडकवून हातवारे करणारा. त्याचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नसे. तो सगळ्यांचा शिट्टी, आणि तिचा शिट्टीकाका. वरून माणूस अंगठ्याएवढा दिसतो. बाबा म्हणायचे, “मला त्याचा चेहरा दिसत नाही गं, मनगट दिसतं. मनगटावरून कळतं मला, आज घरी भांडून आलाय की नाही ते.”

चार महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. तसा हलकाच. बोलणं आठवड्यात ताळ्यावर आलं, चालणं महिन्यात. डावा हात तेवढा रुसून बसला. क्रेन सुटली आणि माणूस खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. आई जेवायला हाक मारायची तेव्हा ते उठायचे, पण जेवताना कोणती भाजी आहे हेही बघायचे नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, बोटांना काहीतरी चाळा द्या. म्हणून मुलीने आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्यापुढे मांडला आणि ‘सात तळ’ लावून दिला. उजव्या हाताने नेम धरायचा, डाव्या हाताच्या बोटांनी पळायचं, उड्या मारायच्या, चुकवायचं. डाव्या हाताला याहून चांगला मास्तर कुठला?

पहिल्या तीन दिवसांत बाबा तीनशे वेळा मेले. पहिल्या तळाच्या पहिल्या खोलीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माऊस बाजूला सारला आणि म्हणाले, “नको पोरी. म्हाताऱ्याची चेष्टा होतेय नुसती.”

त्यांचा तो चेहरा तिला बघवला नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या गेममधली दयेची मर्यादा काढून टाकली. दहा पायऱ्या नाहीत, वीस नाहीत. जितके मराल तितकी दया. एका ओळीचं काम. चहा गार व्हायच्या आत झालं.

आणि बाबा जिंकायला लागले.

पहिला तळ, मग दुसरा. महिन्याभरात चौथा. ते सकाळी आंघोळ उरकून बसायचे ते आई ओरडेपर्यंत. “आधी क्रेनवर लटकलेले असायचे, आता राक्षसांच्या मागे,” आई म्हणायची. “घरात बसून भाजी निवडून देणारा नवरा काही माझ्या नशिबात नाही.” पण तिच्याही आवाजात जीव आला होता. बाबा पुन्हा जेवणाला नावं ठेवायला लागले होते, यापेक्षा मोठं सुख घरात दुसरं नव्हतं. सातवा तळ गाठला त्या दिवशी त्यांनी शिट्टीकाकाला फोन लावला आणि सांगितलं, “अरे, डावा हात विजेसारखा चालतोय. तू शिट्टी पुसून ठेव.”

कारखान्याच्या डॉक्टरने त्यांना बोलावलं. बोटं दाबून पाहिली, नाकाला हात लावायला सांगितलं, डोळ्यांपुढे पेन फिरवलं. हात किती लवकर हलतो हे काही त्याने मोजलं नाही. बाबांनी गेमचं सांगितलं. डॉक्टर हसला, म्हणाला, माझा पोरगा दुसऱ्याच तळावर मरतो, आणि कागदावर सही केली.

त्या संध्याकाळी ती सहीचा तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. सांगावं का? पण डॉक्टरने तपासलंय, तिने स्वतःला समजावलं, डॉक्टरला कळत नाही का? बाबा आरशासमोर उभे राहून कामाचे कपडे अंगाला लावून बघत होते. ती मूग गिळून बसली. तिला भीती वाटली, हे खरं. पण त्यांच्या जिवाची नाही, त्यांच्या चेहऱ्याची. तो चेहरा पुन्हा भिंतीकडे वळेल याची.

कामावर गेल्यापासून नवव्या दिवशी ते झालं. दगड हवेत होता. शिट्टीकाकाने मूठ वर केली, म्हणजे थांब. डावा दांडा मागे ओढायचा, एवढंच. दगड हातभर पुढे गेला आणि शिट्टीकाकाला मागच्या थप्पीवर दाबून थांबला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. “मी थांबवली होती. तोच पुढे सरकला. पिवळ्या रेषेच्या आत आला तो.” दगड हवेत असताना खालच्या माणसाने ओलांडायची नाही, अशी ती रेषा. गुरुवारी कारखान्यात चौकशी होती आणि ते तिथे हेच सांगणार होते. कारखान्याचे साहेब खूश होते, कारण मग दोष कारखान्याचा नाही, शिट्टीचाच ठरत होता, आणि बाबांना पुढच्या सोमवारपासून पुन्हा वर चढायचं होतं. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांनी थांबायचं मनात आणलं त्या क्षणी त्यांच्या लेखी क्रेन थांबली होती.

दवाखान्यात शिट्टीकाका छताकडे बघत तिला म्हणाला, “पोरी, मी रेषेच्या बाहेर होतो गं. सव्वीस वर्षांत आत पाय टाकलेला नाही. पण तुझा बाप म्हणतो तर मलाच आता खात्री वाटेना.” हे ऐकून तिला तिथे उभं राहवेना.

बुधवारी सकाळी ऑफिसात जाऊन तिने एक काम केलं, जे तिने तीन महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं. खेळणाऱ्याची प्रत्येक खेप गेम लिहून ठेवतो आणि स्टुडिओकडे पाठवतो. समोर राक्षस दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ गेला, तोही. तिने बाबांची अख्खी नोंद उघडली. जिंकण्याची रेघ वर वर चढत गेली होती. तिच्याकडे बघून ती आजवर खूश होत आली होती. डाव्या हाताला लागणाऱ्या वेळाची रेघ तिने कधी उघडलीच नव्हती. ती सपाट होती. पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच, तीन महिने, केसभरही खाली नाही. आणि दयेचा आकडा होता नऊशे बारा. सातव्या तळावरचे राक्षस बाबांपुढे पाण्यातून चालल्यासारखे चालत होते.

ती कप्तानला काही न सांगता दुपारीच घरी आली. आई शिट्टीकाकाचा डबा घेऊन दवाखान्यात गेली होती. बाबा खेळतच होते.

“बघ,” ते मान न वळवता म्हणाले. “हा हात बघ आणि मग मला सांग चूक कुणाची.”

“बाबा, थांबा जरा.”

“सहाव्या तळावर आहे गं.”

तिने हात पुढे करून पडदा बंद केला. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दया म्हणजे काय, दहा पायऱ्या कशा असतात, तिने त्या कशा काढल्या. तिने काही गाळलं नाही. नऊशे बाराही सांगितलं.

बाबा हसले. “काहीतरीच. मला कळलं नसतं?”

“कळू नये असंच बनवतात ते.”

“मग काढ तुझी ती दया. आत्ता काढ.”

तिने काढली. दहा पायऱ्याही ठेवल्या नाहीत. गेम जसा कुणीही पहिल्या दिवशी खेळतं तसा करून दिला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, बाह्या वर केल्या. पहिल्या खोलीचं दार उघडलं. हाडांच्या तिरंदाजाने बाण सोडला आणि पडदा लाल झाला. चार सेकंद.

“तयार नव्हतो,” ते म्हणाले.

दुसऱ्यांदा पाच सेकंद. तिसऱ्यांदा पुन्हा चार. बाण निघताना त्यांना दिसत होता. त्यांचे खांदे डावीकडे झुकत, तोंडातून “हं” निघे, आणि बोटं मग हलत, बाण लागून गेल्यावर. ती बाजूला उभी राहून ते बघत होती आणि तिला दगड दिसत होता, वर केलेली मूठ दिसत होती. तिने म्हटलं, “बाबा, पुरे.” त्यांनी ऐकलं नाही. वीस वेळा मेले, तीस वेळा. कपाळावर घाम आला. पुढे पुढे ते जिंकायला खेळतच नव्हते. नुसते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते, बाण कधी येतो आणि हा कधी हलतो, हे मोजत.

मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

“म्हणजे मी बरा झालोच नव्हतो.”

“नाही.”

“तुला माहीत होतं.”

“दयेचं माहीत होतं. हाताचं... मी बघितलं नाही, बाबा. बघायला हवं होतं.”

ते मांडीवरच्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत राहिले. ओरडले असते, काहीतरी फेकलं असतं, तर तिने आनंदाने झेललं असतं.

“पुन्हा कामावर गेलो त्या पहिल्या दिवशी मला कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडायला तूच आली होतीस ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“हात हलवत उभी होतीस. मी वर केबिनमध्ये चढेपर्यंत.”

ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फोन घेतला आणि शिट्टीकाकाला लावला. आईने उचलला असावा, कारण ते म्हणाले, “त्याच्या कानाला लाव.”

“ऐक,” ते म्हणाले. “तू बाहेरच होतास. रेषेच्या बाहेर. हात माझा उशिरा आला. उद्या तसंच सांगणार आहे मी, आणि पुन्हा वर चढणार नाही.” पलीकडून शिट्टीकाका काहीतरी बोलला, लांबलचक. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला. “नाही, डॉक्टरची नाही चूक,” ते म्हणाले. “मीच खोटं सांगितलं त्याला. मला माहीत होतं हात चालत नाही, तरी गेलो. हाव सुटली होती क्रेनची.”

तिने डोकं वर केलं. “बाबा, असं नका सांगू. तुम्हाला कुठे माहीत होतं?”

त्यांनी फोन खाली ठेवला.

“उद्या विचारलं तरी हेच सांगेन,” ते म्हणाले. “तू यात पडायचं नाहीस. एकाचा पाय गेला, माझं काम गेलं, तेवढं पुरे.”

“पण शिट्टीकाका जन्मभर म्हणेल की तुम्ही जाणूनबुजून...”

“म्हणू दे.”

“मी त्याला खरं सांगणार आहे.”

बाबा तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे वळले. “तू मला सांगायला हवं होतंस तेव्हा गप्प बसलीस,” ते म्हणाले. “आता मी सांगतोय तेव्हाही बस.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खुर्ची वळवून ते भिंतीकडे तोंड करून बसले. गुरुवारी चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा बाबांनी ते सगळं तसंच सांगितलं, एकेक शब्द सावकाश. दवाखान्यातून आणून कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीवर बसवलेल्या शिट्टीकाकाने एकदाही मान वर केली नाही, आणि ती मागच्या बाकावर बसून राहिली. तिने तोंड उघडलं नाही.