कपारीतलं निळं

"ते फूल कड्यावरचं आहे, पोरी. खाली आणलंस की मरणार!"

बेरौनच्या शाळेत तिला शिकवलेले व्रातिस्लाव मास्तर हे बोलले तेव्हा ब्लाझेना बावीस वर्षांची होती. आता चोपन्नची झाली, तरी तो आवाज कानात तसाच होता, खडूसारखा कोरडा.

फुलाचं नाव आल्प्सचा राजा. मुठीएवढी चंदेरी, लुसलुशीत उशी आणि तिच्यावर निळाई. दगडांत डोंगरी फुलं वाढवणाऱ्यांच्या गावच्या मंडळात ते कुणाकडेच फुललं नव्हतं. ब्लाझेनाची सात रोपं गेली होती, आठवं तेवढं उरलं होतं. "हेही गेलं तर दगड उपटून टाकते, तू बटाटे लाव," असं तिने नवऱ्याला, ओताला, सांगून टाकलं होतं.

चूक तिच्या मायेची होती. दर वसंतात ती कुजलेल्या पानांचं खत घालायची. रोप लठ्ठ, हिरवंगार व्हायचं आणि पावसाळी हिवाळ्यात कुजायचं. गेल्या वर्षी तिने मन घट्ट केलं. रोप काढलं, मुळं धुतली, मातीचा कण उरू दिला नाही. पाटीच्या दगडाच्या फरशा वहीच्या पानांसारख्या उभ्या रोवल्या आणि मधल्या फटीत, नुसत्या दगडाच्या चुऱ्यात, त्याला दाबून बसवलं. हिवाळाभर वर काच धरली. थंडीला ते भीत नाही, ओलीला भितं.

"खायला दगड, डोक्यावर काच!" ओता हसला. "बरं झालं मी झाड नाही."

"तुलाही थोडं उपाशी ठेवायला हवं होतं. पोट बघ जरा!"

मे महिन्यात एका रविवारी मंडळाची माणसं एकमेकांच्या बागा बघत फिरतात. यंदा पहिली बाग ब्लाझेनाची होती. शनिवारपर्यंत रोपावर नुसत्या गुलाबी कळ्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. रविवारी ऊन फरशांवर चढलं, दगड तापले, आणि एकेक कळी उघडली. निळं तरी कसं? पहाटेचं नाही, तळ्याचं नाही. बर्फावरच्या आभाळाचं, मधोमध पिवळा डोळा घेतलेलं. एक, पाच, अकरा, मग उशीच दिसेना!

फाटकातून आलेली पंधरा माणसं थेट फरशांभोवती वाकली. मग कुणीतरी टोपी काढली, कुणी टाळी वाजवली, आणि सगळी बाग टाळ्यांनी भरून गेली. ओता सगळ्यांना सांगत सुटला, "मी काहीच केलं नाही, खरंच काही नाही!" ब्लाझेना हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

चौऱ्याऐंशी वर्षांचे मास्तर काठी टाकून गुडघ्यांवर बसले. नाक फुलांपाशी नेलं. बराच वेळ उठले नाहीत.

"मास्तर, गुडघे धरतील हं," ती म्हणाली.

"धरू देत." त्यांनी वर पाहिलं. "ब्लाझेना, माझी चौदा रोपं मेली. तुला सांगितलं त्याच्याही आधीपासून. मला जमलं नाही, म्हणून कुणालाच जमणार नाही, असं सांगत राहिलो मी."