पसंतीच्या तीन पैठण्या

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती माझ्या वाट्याला आली. आणि दोर ओढला तो, ज्याला अठ्ठावीस वर्षं मी शेठ म्हणत आलो, त्याने. राग येणार नाही तर काय?

दादरला आमचं साड्यांचं दुकान. आमचं म्हणजे जगदीश शेठचं; मी गादीवर बसून साड्या उलगडणारा धोंडू. दुकानात एक रीत होती. कामगाराच्या घरी कार्य निघालं की शेठ म्हणायचे, "ने रे साड्या पसंतीला." घरच्या बायका बघणार, एक ठेवणार, बाकीच्या दुसऱ्या दिवशी घडी न बिघडवता परत. चिठ्ठी नाही, सही नाही. शेठचा शब्द, बस्स.

मग शेठचा मुलगा केतन दुकानात बसायला लागला आणि त्याने ते आरएफआयडी आणलं. प्रत्येक साडीला बोटभर चिकटपट्टी, आत चिप. हातातलं यंत्र कपाटासमोर फिरवलं की चारशे साड्या मिनिटात मोजून मोकळं. सहा हजार पट्ट्या मी स्वतः चिकटवल्या. दारातही एक मशीन बसलं; पट्टी बंद न केलेली साडी बाहेर निघाली की ओरडणारं. केतन सांगायचा, "काका, ही तर सुरुवात. पुढे गिऱ्हाईक साडी घेऊन आरशासमोर उभं राहिलं की आरसाच सांगेल, ब्लाउजपीस कुठल्या कपाटात आहे. बिलसुद्धा दारातून जाता जाता होईल."

"मग मी काय करू?"

"तुम्ही घरचेच हो! आणि दारातलं मशीन चोरांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही."

घरचेच! वा रे वा.

माझ्या आरोहीचा साखरपुडा ठरला. सकाळी गल्ल्यावर शेठ एकटेच होते, म्हणून विचारलं. "अरे, विचारतोस काय? ने की तीन पैठण्या," म्हणाले, आणि पिशवीही त्यांनीच काढून दिली. काउंटरवर पट्टी बंद करून घ्यायची असते, हे मला ठाऊक होतं. पण ते बिल झालेल्या मालाचं. पसंतीच्या साडीला कसलं बिल? शेठ हो म्हणाल्यावर मशीनला कोण विचारतो? गाढव मी, दुसरं काय!

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दाराबाहेर पाऊल टाकलं आणि मशीन बोंबललं. मघाशी ज्या दोन बायकांना मी साड्या दाखवत होतो, त्यांनी आपल्या पर्सा जवळ ओढल्या. केतन धावत आला, पिशवी उघडली.

"काका, हे काय?"

"पसंतीच्या आहेत. शेठना विचार." मी हसतच होतो.

तो वळला. "पप्पा, तुम्ही दिल्यात? बिलाशिवाय एकही साडी बाहेर जाणार नाही, हे कालच ठरलंय. तुम्हीच हो म्हणालात."

शेठनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "धोंडू, विचारायचं तरी होतंस रे."

केसाने गळा कापला माझा! मशीनचं काय चुकलं? साडी बाहेर चालली होती, ते ओरडलं. मी शेठकडे बघत राहिलो.

"मी विषय वाढवत नाही," असं म्हणून केतनने पिशवी ठेवून घेतली. मी चपला घातल्या. शेठ मागोमाग फुटपाथवर आले.

"पोरासमोर बोलता आलं नाही रे. तो मला गल्ल्यावर बसू देणार नाही. संध्याकाळी एक पैठणी घरी पाठवतो, माझ्याकडून आरोहीला."

"मला पैठणी नको, शेठ. आत चला आणि त्याला सांगा, मी दिल्या होत्या म्हणून. एवढंच."

त्यांनी काचेतून आत बघितलं. केतन त्या दोन बायकांना काहीतरी समजावत होता. "उद्या वेळेवर ये," म्हणाले आणि आत गेले. मी दहा मिनिटं उन्हात उभा होतो. कोणी बाहेर आलं नाही.

भोईवाड्याला घरी पोचलो. मालनने, माझ्या बायकोने, खोलीत धुतलेली चादर अंथरली होती. शेजारच्या सुचित्रावहिनी साड्या बघायला हात धुऊन बसल्या होत्या. "अवो, किती उशीर! खंय आसत साड्यो?" मालन ओरडली. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, शेठचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं.

वहिनी पदराला हात पुसत उठल्या, गॅसवर दूध ठेवलंय म्हणाल्या आणि गेल्या.

आरोही माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "बाबा, पण तुम्ही खरंच विचारलं होतं ना?"