शिंप्याची गल्ली

नवऱ्याचा छापखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलला आणि आम्हाला तीन महिन्यांत बिऱ्हाड हलवणं भाग पडलं. छापखाना औषधांच्या खोक्यांचा. पंधरा वर्षं तिथल्या नोकरीत मशीनशेजारी उभं राहून नवऱ्याचा डावा कान जवळजवळ गेलेला. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची आणि "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" म्हणायचं. मला त्याच लॅबच्या तिकडच्या शाखेत घेणार होते. मुलगी आठवीत. पुढचे दोन दात खारीसारखे, म्हणून तिला सगळे खारूच म्हणत. आणि दादा होते.

दादा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म शिवणकामात गेलेला माणूस. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातून नावं गळून गेली होती, मापं तेवढी उरली होती. वाणी दिसला की म्हणायचे, "बेचाळीस कंबर आली बघा." मी त्यांची सून आहे हे त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे, पण "बाई, तुमचा डावा खांदा जरा उतरता आहे" हे मला रोज सांगायचे. सकाळी अंघोळ करून, गळ्यात टेप अडकवून दुकानाला निघायचे. दुकान विकून सहा वर्षं झाली होती. तरी जुन्या वस्तीत त्याचा घोर नव्हता. तासाभरात कुणी ना कुणी हाताला धरून आणून सोडायचं. "घ्या, तुमचा ऐवज सांभाळा," म्हणायचं.

घर बघायला सुरुवात केली तेव्हा मी एक वही केली. शाळा, दवाखाना, बस, पाणी, आवाज, शेजार. प्रत्येकाला दहापैकी गुण. नवरा म्हणाला, "वस्ती शोधतेयस की स्थळ बघतेयस?"

पहिली वस्ती महामार्गालगतची. घर चौदाव्या मजल्यावर. दादा लिफ्टमध्ये शिरेचनात. "हे कपाट आहे. कपाटात माणसं ठेवत नाहीत," म्हणाले. त्यांना खाली गाडीत बसवून आम्ही आळीपाळीने घर बघून आलो. खिडकी उघडली की ट्रकचा आवाज. ती वस्ती तिथेच बाद झाली.

दुसरी वस्ती जुनी होती. अरुंद रस्ता, खाली दुकानं, वर घरं. आम्हाला दाखवलेल्या घराच्या भिंतीला ओल होती आणि मोरीचं दार नीट लागत नव्हतं. नवरा वर नळ उघडून बघत होता, मी खाली खारू आणि दादांपाशी होते. एजंट काहीतरी सांगायला लागला म्हणून दोन मिनिटं पाठ वळवली, तेवढ्यात खारू ओरडली, "आई, आजोबा नाहीत!"

इकडे धाव, तिकडे धाव. तेवढ्यात पलीकडून भाजीवाली म्हणाली, "गळ्यात टेप असलेले आजोबा ना? शिंप्याकडे बसलेत की. घाबरू नका."

चार दुकानं पलीकडे शिंप्याचं दुकान होतं. दादा स्टुलावर बसले होते, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, हातात सुई. काजं करत होते. गेल्या दोन वर्षांत त्या हातांना भाताचा घास नीट उचलता येत नव्हता, आणि आता टाक्याला टाका लागत होता. शिंपी माझ्याकडे बघून म्हणाला, "असू द्या हो. हात बघा कसा चालतोय. असं काज आजकाल कोण करतं?" दादांनी मान वर केली आणि ते हसले. दात नसलेलं, तोंडभर हसू. "चाळीस छाती," शिंप्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "माणूस बरा आहे."

मी तिथे किती वेळ उभी होते? पाच मिनिटं असेन. तेवढ्यात चहावाल्याने दादांपुढे कप ठेवला, भाजीवालीने बसल्या जागेवरून विचारलं, "सापडले ना?" दहा मिनिटांत सगळा रस्ता त्यांना ओळखायला लागला होता. हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि नवरा खाली आल्यावर मी काय म्हणाले? म्हणाले, "या गर्दीत दादा हरवले होते. अजून इथे राहायलासुद्धा आलो नाही, तर ही तऱ्हा. रोज कोण शोधत फिरणार?"

खारू माझ्याकडे बघत राहिली.

खरं कारण वेगळं होतं. मला तो गोंगाट नको होता. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भांड्यांचे, भांडणांचे आवाज ऐकण्यात गेलं. मला दार लावल्यावर बंद होणारं घर हवं होतं.

तसं घर तिसऱ्या वस्तीत मिळालं. एका ओळीत बैठी घरं, पांढरी फाटकं, दोन्ही बाजूंना झाडं. शाळा चांगली, छापखाना चालत बारा मिनिटांवर, खारूला स्वतःची खोली. वहीत सगळीकडे आठ, नऊ. 'शेजार'पुढची जागा रिकामी राहिली, कारण कुणी दिसलंच नाही. एजंट म्हणाला, "इथे कुणाचा कुणाला त्रास नाही." मला ते वाक्य फार आवडलं.

सामान हलवायच्या दिवशी दादा पुढच्या सीटवर बसले. टेप गळ्यात होतीच. म्हणाले, "शिंप्याच्या गल्लीत जातोय ना आपण?"

त्यांना ते लक्षात राहिलं होतं! सकाळी जेवलो की नाही हे आठवत नसे, आणि दीड महिन्यापूर्वीचा शिंपी आठवत होता. नवरा मागे दोऱ्या बांधत होता. मी म्हणाले, "हो दादा. तिकडेच."

नव्या घरी पहिले पंधरा दिवस मी रजेवर होते. त्यांना फिरवून आणायचे. सात गल्ल्या, सगळ्या सारख्या. फाटकं सारखी, खिडक्यांचे पडदेसुद्धा बहुतेक सारखेच. दादा प्रत्येक कोपऱ्यावर थांबून विचारायचे, "पुढच्या वळणावर ना?" मी म्हणायचे, "आज बंद आहे, दादा. उद्या जाऊ." खोटं एकदा बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं.

रजा संपली. नवऱ्याने दुपारची पाळी मागून घेतली. तो एक वाजता निघायचा, मी पावणेदोनला पोचायचे. मधला पाऊण तास दादा एकटे. त्या वेळी ते झोपलेले असायचे. बाहेरून कडी घालावी का, यावर आमचं एकदा बोलणं झालं. नवरा म्हणाला, "बापाला कोंडू?" विषय तिथेच संपला.

तो मंगळवार होता. रक्त देताना एक बाई चक्कर येऊन पडल्या, त्यांच्या घरचं माणूस येईपर्यंत मला थांबावं लागलं. घरी पोचायला अडीच झाले. दार सताड उघडं होतं.

मी सातही गल्ल्या पालथ्या घातल्या. फाटकापाशी जाऊन बेल दाबायची, भिंतीवरच्या स्पीकरच्या जाळीतून आवाज यायचा, "कोण?" मी सांगायचे. "नाही हो, पाहिलं नाही." पुढचं फाटक. नवरा मशीन सोडून धावत आला. पोलीस आले. साडेपाचला, सहाव्या गल्लीच्या टोकाला अर्धवट सोडलेल्या बांधकामाच्या पायाच्या खड्ड्यात दादा सापडले. पडून होते. शुद्धीवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी आम्हाला बोलावून त्यांच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. पोलिसांनी मागितलं होतं, म्हटलं तुम्हीही बघा, असं म्हणाले. एक वाजून बावीस मिनिटांनी दादा चित्रात आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप. त्यांनी फाटकाच्या कडीला हात लावला, मग काढला. मग बेल दाबली. बाईचा आवाज आला, "कोण हवंय?"

दादा जाळीजवळ तोंड नेऊन अगदी अदबीने म्हणाले, "शिंप्याची गल्ली कुठली हो? मला दुकानात जायचंय."

"इथे कुणी शिंपी नाही, आजोबा."

"सुनेने सांगितलंय," दादा म्हणाले. "इथेच आहे."

आवाज बंद झाला. दादा थोडा वेळ थांबले, त्यांनी जाळीला मान लववली आणि पुढच्या फाटकाकडे निघाले.

त्या बाई आमच्या मागेच उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून रडत होत्या. "मी खिडकीतून बघत होते हो. बराच वेळ समोर कठड्यावर बसले होते. वाटलं, कुणाचे तरी असतील, येतील न्यायला. मग माझा डोळा लागला, तुमची बेल ऐकूच आली नाही." बाई वाईट नव्हत्या. माझ्यासारख्याच होत्या.

नवऱ्याने फक्त विचारलं, "पुन्हा लावता का?" आणि उजवा कान पुढे करून पुन्हा ऐकलं.

दादांचं ऑपरेशन झालं. दोन दिवस जरा बरे वाटले. डॉक्टरांना म्हणाले, "हा पाय अर्धा इंच आखूड झालाय, पँटची दुमड सोडावी लागेल." डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. मग छातीत कफ साठला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी, मी त्यांचे ओठ पुसत असताना, ते गेले. शेवटचे चार दिवस त्यांनी कुणाचंच माप सांगितलं नव्हतं.

त्यानंतर शेजारी येऊन गेले. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फाटकातून कुणी ना कुणी आलं. जेवणाचे डबे आणले, खारूला अभ्यासात मदत करू म्हणाले, आपापले फोन नंबर लिहून दिले. फ्रिजवर अकरा नंबर चिकटवलेले आहेत.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी नवरा दादांची खोली आवरत होता. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांग."

"त्या दिवशी दादा हरवले नव्हते. शिंप्याकडे काजं करत बसले होते. हसत होते. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि निघताना त्यांना म्हणाले, तिकडेच जातोय."

नवरा शर्टांच्या घड्या घालत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. माझ्याकडे त्याचा डावा कान होता. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "खारूने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणाली, बाबा, आजोबांना तिथे खूप आवडलं, आपण तिथेच राहू या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्याने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाला, "तिथून छापखान्याला दोन बस लागल्या असत्या. तू नको म्हणालीस, तेव्हा मला बरंच वाटलं. खारूला म्हटलं, तुला स्वतःची खोली हवीय ना? मग गप्प बस."

मी दादांच्या पलंगावर बसले. वाटलं होतं, तो चिडेल, अद्वातद्वा बोलेल, निदान भांडी आपटेल. त्याने शर्ट पिशवीत भरले, पिशवीचं तोंड बांधलं. मी म्हटलं, "इथून जाऊया का?"

"कुठे?" तो म्हणाला. "आणि आता कुणासाठी?"

पलीकडे खारूच्या खोलीचं दार लागलेलं होतं. मधली भिंत पातळ आहे, आमचं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं असणार. मी जाऊन दारावर टकटक केलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. पुन्हा टकटक केलं. मग तिथेच, दाराला पाठ लावून, खाली बसले.