उघड्या दाराचा दिवा

मी बोलेरोच्या टपावरचा दिवा बोलतोय. खालचे दोघे नव्हेत. ते हेडलाइट, कंपनीतून गाडीसोबतच आलेले पगारी नोकर. समोरून ट्रक आला की मुकाट्यानं मान खाली घालणारे. मी हौसेनं आणलेला. लांबडा, काळ्या चौकटीत बसलेला आणि स्वभावानं जरा ताठ. टपावर राहणाऱ्याला थोडा ताठा शोभतो, असं माझं मत आहे.

माझे मालक भैयाजी. गडचिरोलीच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांचं गाव. बायको चंदाबाई तलावाची मासोळी विकते, भैयाजी बोलेरो भाड्यानं चालवतात. लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचा पेशंट, जे मिळेल ते. गावात बोलेरो आणखीही होत्या, पण टपावर दिवा एकीच्याही नव्हता. ही उणीव भैयाजींनी भरून काढली.

मला बसवलं गडचिरोलीच्या गफ्फारभाईंनी. गाड्यांचं वायरिंग हा त्यांचा धंदा, आणि काम करता करता ते समजावून सांगणं हा छंद. बॅटरीतून जाड वायर काढली, तिच्यात फ्यूज घातला. बटनावर माझा सगळा भार पडून ते जळू नये म्हणून मध्ये रिले बसवला. सगळं झालं आणि वायर टपापर्यंत न्यायची वेळ आली. गफ्फारभाईंनी ड्रिल उचललं, तसे भैयाजी गाडीला आडवे झाले.

"देवीले दाखवून आणलेली गाडी हाये, गफ्फारभाई. तिच्या डोक्याले भोक नाई पाडायचं."

गफ्फारभाईंनी परोपरीनं सांगितलं. छेदात रबर बसवतो, पाण्याचा थेंब आत येणार नाही. भैयाजी हलेनात. शेवटी गफ्फारभाई म्हणाले, "मंग वायर दाराच्या फटीतून घ्या लागते. दार आपटलं का ती दबन. तवा मले नावं ठेवू नोका." त्यांनी फार ताणलं नाही हेही खरं. छेद नाही म्हणजे त्यांचंही काम लवकर आटोपणार होतं. अशी माझी वायर ड्रायव्हरच्या दाराच्या रबरावरून आत गेली, आणि तिथेच माझी कुंडली बिघडली.

पहिल्यांदा पेटलो तेव्हा समोरच्या दुकानातल्या टेलरनं डोळ्यांवर कापड ओढलं. तो मानाचा मुजरा समजून मी गावी आलो. पण टपावरचा दिवा मोठ्या सडकेवर झाकून न्यावा लागतो, नाहीतर पोलीस थांबवतात. चंदाबाईनं जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं. पिवळी फुलं आणि वर नाडी. अर्ध्या रानाला उजेड दाखवणाऱ्या मला तिनं झबलं घातलं!

आता दाराचं. भैयाजींना दार लावता येत नाही, आपटता येतं. रोज आपटून आपटून माझ्या वायरीच्या तारा आतल्या आत तुटल्या. दार लागलं की वायर दबायची आणि मी विझायचो. दार थोडं उघडलं की ती सरळ व्हायची आणि मी पेटायचो. हे उघडकीला आलं एका वरातीत. भैयाजींनी ऐटीत बटन दाबलं, मी ढिम्म. ते चिडून दार उघडून उतरले, मी झगझगीत. परत बसले, दार आपटलं, मी गुल. असं चार-पाचदा झालं. वऱ्हाडाला वाटलं ही नाचाचीच लाइट आहे. पोरं आणखी जोरात नाचली.

दुरुस्तीला गफ्फारभाईंकडे जायचं, तर त्यांचं म्हणणं खरं निघालं हे कबूल करायचं. भैयाजींनी त्यापेक्षा माझ्या झबल्याची नाडी आवळली. मी टपावर नुसता बसून राहिलो.

त्यांची मुलगी डिंपल. तिला पोलीस व्हायचंय. आदल्या वर्षीच्या भरतीत ती ग्राउंडमध्ये, म्हणजे मैदानी चाचणीत, धावायला जराशी कमी पडली. भैयाजींनी सांगून टाकलं होतं की यंदा शेवटचं. नाही झालं तर आरमोरीकडचं स्थळ बघायचं. ते स्थळ वाईट नव्हतं. पण डिंपल स्थळाकडे नाही, सडकेकडे बघत होती. रोज पहाटे अंधारात ती धावायला जायची, कारण उजाडलं की त्या सडकेवर ट्रकांची रांग लागते. त्यातच नाल्याच्या पुलाजवळ वाघानं गाय मारली आणि गावातल्या सगळ्या पोरापोरींचं धावणं बंद पडलं. भरती तर तोंडावर आलेली.

डिंपल दोन दिवस पहाटे बूट घालून उंबऱ्यावरच बसली. तिसऱ्या दिवशी चंदाबाई मासोळीची टोपली खाली ठेवून नवऱ्याला म्हणाली, "टपावर एवढा मोठा दिवा लावला, तो काय पाव्हण्याइले दाखवाले? पोरीच्या मांगं लावा त्याले."

मला चंदाबाईचं झबलं तेव्हापासून आवडू लागलं.

दुसऱ्या पहाटे भैयाजी कुरकुरत उठले, मफलर गुंडाळला, माझी नाडी सोडली. गाडी सुरू, बटन चालू, मी बंद. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि दार वीतभर उघडलं. लख्ख! आता दार सोडून चालणार नव्हतं. उजव्या हातात दार, डाव्या हातात स्टिअरिंग, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि समोर माझ्या उजेडात धावणारी डिंपल, अशी आमची वरात निघाली.

एरवी भैयाजी काचा चढवून गाणी लावतात. आज दार उघडं, थंडी थेट हाडात, आणि गाणी लावायला तिसरा हात नव्हता. त्यामुळे त्यांना ऐकू आले ते डिंपलच्या बुटांचे आवाज आणि तिचा श्वास. बापानं लेकीचा श्वास असा लक्ष देऊन ती तान्ही असताना ऐकला असेल, त्यानंतर त्या पहाटेच. मग ते म्हणाले की हात इतके आवळून धरू नको, ढिले सोड. खरं तर भैयाजी आयुष्यात धावले ते फक्त दावं तोडलेल्या बैलामागे. पण शिकवायला काय लागतं? आठवड्याभरात ते खांदे, कोपर, टाच सगळ्यावर बोलू लागले. गंमत म्हणजे डिंपल ऐकायची.

वाटेत दूधवाला भेटायचा, कधी एसटीचा ड्रायव्हर. प्रत्येक जण काळजीनं ओरडायचा की भाऊ, दार उघडं हाये. भैयाजी मान हलवायचे आणि दार तसंच धरून ठेवायचे.

मग ती पहाट आली. पुलाच्या अलीकडे माझ्या उजेडात दोन डोळे चमकले, मोठे आणि स्थिर. डिंपल जागच्या जागी थिजली. आणि भैयाजींनी घाबरून जन्माच्या सवयीनं दार आपटून लावलं. मी विझलो. हेडलाइट होते म्हणा, पण त्यांचा उजेड तिच्या पाठीपर्यंतच. त्या काळोखात मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. ज्या कामासाठी आणलं नेमकं त्याच कामाला मी नव्हतो.

पोरगी बाहेर आहे हे भैयाजींच्या ध्यानात आलं असावं. दार धाडकन उघडलं. मी पेटलो तेव्हा ते चाकं खोलायची टामी घेऊन अनवाणी डिंपलच्या पुढे उभे होते. चपला गाडीतच राहिल्या होत्या. समोर गावातल्या इस्तारीभाऊंची म्हैस रवंथ करत होती. डिंपल आधी हसली, मग रस्त्यातच बसून रडली. भैयाजींनी टामी खाली ठेवली आणि म्हशीला बाजूला हाकललं.

त्याच दिवशी गाडी गफ्फारभाईंच्या दारात. भैयाजी म्हणाले, "पाडा छेद." गफ्फारभाईंनी 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य चहा येईपर्यंत पोटात ठेवलं, तेही त्यांना जड गेलं. भैयाजींनी टपाला हात लावून देवीची माफी मागितली आणि डोळे मिटले. ड्रिल फिरलं. रबर बसलं, नवी वायर आली आणि मी दार बंद असतानाही पेटू लागलो.

पुढच्या पहाटे सगळा थाट होता. दार बंद, काचा वर, आत ऊब, सडकेवर माझा लखलखाट. मी खुशीत होतो. डिंपल थोडी धावली, थांबली आणि मागे वळून आली. तिनं काच वाजवली.

"बाबा, दार उघडा ना."

"काऊन? लाइट तं चालू हाये."

"लाइटसाठी नाई म्हणून राह्यली मी. तुमचा आवाज येऊन नाई राह्यला."

भैयाजींनी दार उघडलं. माझी सगळी ऐट त्या क्षणी उतरली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

डिंपल त्या भरतीत ग्राउंडमध्ये पास झाली, पेपरमध्येही झाली. आता ती दूर ट्रेनिंगला आहे. तिथल्या मैदानावर म्हणे खांबाखांबावर दिवे आहेत. असोत बापडे.

मी अजून टपावरच आहे. एका कोपऱ्यात पाणी शिरलंय, माझ्यातले दोन बारके बल्ब पेटत नाहीत, झबल्याची फुलं उन्हानं विटलीत. आता आमच्यापुढे शेजारची रोशनी धावते. भैयाजी तिलाही सोडत नाहीत. "हात ढिले सोड, डिंपल," असं ओरडतात. रोशनी चूक दुरुस्त करत नाही. ती हात ढिले सोडते.

तुम्ही कधी पहाटे त्या सडकेनं आलात, आणि दार उघडं ठेवून हळूहळू जाणारी बोलेरो दिसली, तर एवढं करा. माझ्या उजेडानं डोळे दिपले तर मला खुशाल शिव्या द्या. पण भैयाजींना दार उघडं असल्याचं सांगू नका. त्यांना माहीत आहे.