सात मजल्यांचा बंगला

ड्रायव्हर आजोबांनी स्टीलचा जग आईच्या तोंडावर हाणला, तेव्हा मी दप्तर पाठीला लावून दारातच उभी होते. आजोबा पूर्वी ट्रक चालवायचे, आता या वृद्धाश्रमात राहतात; आई इथे नर्स आहे आणि शाळा सुटली की मी थेट इथेच येते. आईचा ओठ फाटला. दोन वॉर्डबॉय मामा धावले. आजोबांनी धाकट्या मामांच्या मनगटाचा चावा घेतला आणि थोरल्यांच्या नाकावर डोकं असं आपटलं की काडकन आवाज आला! तिघंही कपाटावर कोसळले, काचांचा चुराडा झाला. शेवटी मामांनी छातीवर गुडघा रोवून त्यांना चादरीने पलंगाला बांधलं.

"सोडा रे! पाय बसू देत नाहीत मला!" आजोबा किंचाळत होते. अख्खा पलंग फरशीवर आदळत होता.

"म्हातारा पिसाळलाय," थोरले मामा नाक दाबत, धावत आलेल्या डॉक्टरांना म्हणाले. "डॉक्टर, वेड्यांच्या इस्पितळात धाडा याला."

आजोबांना नवी गोळी सोमवारी सुरू झाली होती. तिच्यामुळे थरथर आहे का, बेचैनी आहे का, हे आईने रोज तक्त्यात लिहायचं. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. सगळीकडे 'नाही'.

"म्हणजे गोळीचा दोष नाही. उद्या पाठवू."

आजोबा आणि मी रोज पत्त्यांचा बंगला बांधायचो आणि मी वहीच्या मागच्या पानावर मजले लिहायचे. सोमवारी सात, आमचा विक्रम! बुधवारी चार. गुरुवारी दोन. काल तर दोन पत्ते टेकवायलाही हात थांबेना, मिनिटभर बसवेना. त्यांनी पत्तेच फाडले.

आणि आई? ती आठवड्याचा तक्ता सोमवारीच भरून टाकते, चहा पिता पिता.

मी वही काढली. आईने असे डोळे वटारले की गेल्या वर्षीची मी असते, तर तिथेच मुकी झाले असते.

"डॉक्टर, हे बघा." आवाज चक्क खणखणीत निघाला!

डॉक्टरांनी वही तक्त्याशेजारी ठेवली. त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. "सिस्टर, आज शनिवार. रविवारी बेचैनी नाही, हे तुम्हाला आजच कळलं?"

आईच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. तिने पेन घेतलं आणि एकेक 'नाही' इतक्या जोरात खोडलं की कागद टरकन फाटला.

"गोळी बंद," डॉक्टर म्हणाले.

चादरीची गाठ आईनेच सोडली. पहिली लाथ तिच्याच पोटात बसली. ती कळवळून वाकली, पण हात सोडला नाही. "चाला आजोबा, हवं तेवढं चाला," म्हणत त्यांना धरून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागली. तिथूनच ओरडली, "आणि तू गं! घरी चल, मग बघते तुझ्याकडे!"

मी वहीत लिहिलं, शनिवार, शून्य. रविवारची ओळ कोरी ठेवली.