क्लारा मागे सरते तेव्हा

मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या छपरावरच्या ठिगळांकडे कुणी बोट दाखवायला नको. मित्रांनो, मी एक घरगाडी आहे. पुढे इंजिन, मागे पलंग, मध्ये शेगडी, मोरी आणि दोन माणसांना एकमेकांवर न धडकता जेमतेम वळता येईल एवढी जागा. लांबी अठ्ठावीस फूट, उंची अकरा. वजन विचारू नका. माझे नाव क्लारा, आणि ते नाव एका गायीवरून ठेवलेले आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. माझी कपाटे श्लाबाख नावाच्या सुताराने बनवली. त्याला लांब दाढी होती पण मिशी नव्हती, कारण त्याच्या पंथात तशीच रीत. त्या पंथात मोटार बाळगायलाही मनाई. तो रोज सायकलवरून यायचा आणि जी गाडी त्याला कधी स्वतःची म्हणता येणार नव्हती तिचे खण तळहाताने घासून घासून गुळगुळीत करायचा. आज इतकी वर्षे झाली, माझा एकही खण अडकत नाही. बाकी बरेच काही अडकते, पण खण नाही.

मला नॉर्थ डकोटातल्या मर्विन आणि आर्लिस टॉर्गर्सन या जोडप्याने घेतले. त्याच वर्षी त्यांनी गोठ्यातल्या गायी विकल्या होत्या. पंचवीस वर्षे पहाटे उठून धारा काढल्यावर मर्विन म्हणाला होता, "आर्लिस, आता मला गायीच्या शेपटीपलीकडचं जग बघायचंय." मला घरी आणून तो अंगणात मागे घेऊ लागला आणि मी पहिल्याच झटक्यात टपालपेटी आडवी केली. त्यांची क्लारा नावाची एक महाहट्टी गाय होती. मागे सर म्हटले की पुढे जायची आणि पुढे चल म्हटले की बसायची. "ही दुसरी क्लाराच आली!" मर्विन ओरडला, आणि माझे बारसे झाले.

त्या दिवसापासून ठरून गेले. मर्विनने चाक धरायचे आणि आर्लिसने खाली उतरून मागे उभे राहायचे, माझ्या डाव्या आरशात दिसेल अशी. मर्विनला थोडे कमी ऐकू येते, म्हणून त्यांनी हातांची भाषा केली. एक हात बाजूला केला की शेपूट तिकडे. टाळूवर टपली मारली की वर फांदी आहे. दोन्ही हातांची छातीवर फुली केली की थांब, आता एक वीतसुद्धा नाही. नोव्हेंबरात डकोटातले नळ गोठायला लागले की आम्ही दक्षिणेला निघायचो, ते मार्चपर्यंत ॲरिझोनाच्या वाळवंटात. असे एकोणीस हिवाळे गेले.

वाळवंटात हिवाळा काढणाऱ्या म्हाताऱ्यांची एक खोड आहे. नवी गाडी आली की सगळे खुर्च्या बाहेर काढतात, हातात पेले घेतात आणि ती जागेत कशी लागते ते बघत बसतात. कुणी खांबाला घासले तर आठवडाभर चर्चेला विषय मिळतो. आम्ही मात्र एका दमात लागायचो. "वा, मर्व! कमाल आहे हां तुझी!" असे लोक म्हणायचे आणि मर्विन टोपीला हात लावून तो मान घ्यायचा. आर्लिस तोवर पाण्याची नळी जोडत असायची. तिच्यासाठी कुणी टाळी वाजवलेली मला आठवत नाही, आणि मला तेव्हापासून त्याचा राग आहे.

एकदा तिने विचारले होते, "मर्व, थोडा वेळ मी चालवू का?" तो म्हणाला, "क्लारा माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही." मित्रांनो, हे धादांत खोटे होते. मी ऐकायचे ते आर्लिसचेच. तो फक्त मध्ये बसलेला होता.

मग वाईट दिवस आले. मर्विनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मी दोन हिवाळे धान्याच्या कोठारामागे बर्फात उभी राहिले. ताडपत्री फाटून रात्रंदिवस फडफडत होती. उंदरांनी माझ्या गादीत संसार थाटला. मुलगी जोलीन आली की माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणायची, "आई, आता हे धूड विकून टाका." मी कधी रडत नाही, छपरातून गळते तेवढेच. पण त्या दोन वर्षांत मला खरोखर वाटले की आपण संपलो.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दार करकरले. आर्लिस आत आली, हातात झाडू आणि बादली. तिने उंदरांचा संसार बाहेर फेकला, माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाली, "ऊठ गं, क्लारा." जोलीनने फोनवर निक्षून सांगितले, "ठीक आहे, पण ही शेवटची खेप. जरा काही झालं तर गाडी तिथेच विकायची आणि तुम्ही विमानाने घरी." मर्विन हो म्हणाला. आर्लिस खिडक्या पुसत होती.

आणि काही झालेच. वाळवंटात आमचा सहावा दिवस होता. मला सपाट उभी करण्यासाठी मर्विन चाकांखाली लाकडी ठोकळे घालतो आणि आर्लिस आत तव्यात अंडे फोडून बघते. बलक ज्या बाजूला घसरेल ती बाजू खाली. त्या दिवशी बलक नीट मधोमध बसला होता, म्हणून खुशीत येऊन मर्विन छपरावरची धूळ झाडायला शिडीवर चढला. शेजारच्या हार्लनला तो वरूनच उपदेश करत होता, "लक्षात ठेव, माणूस नेहमी शेवटच्या पायरीवरून पडतो." आणि शेवटच्या पायरीवरून पडला. उजवे मनगट मोडले. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

आता अडचण अशी की त्या सरकारी वाळवंटात चौदा दिवसच राहता येते. पंधराव्या दिवशी मुक्काम हलवावाच लागतो. आमची पुढची जागा ठरलेली होती, साठ मैलांवर, डोंगर ओलांडून, मेस्कीट वेल्स नावाच्या तळावर, सतरा नंबरची. पण मला तिथवर नेणार कोण?

हार्लन कॅनडातला. त्याची गाडी बसएवढी आणि आवाज गाडीएवढा. तोही तिकडेच जाणार होता. तो प्लास्टरकडे बघत म्हणाला, "मर्व, मला देऊन टाक ही. चाकं काढू, विटांवर ठेवू, आमच्या पोरांना शिकारीला गेलं की निवारा होईल."

विटांवर! माझ्या टायरांतली हवा तिथल्या तिथे थंड पडली.

मर्विन जमिनीकडे बघत म्हणाला, "तसं बघितलं तर जोलीनला मी शब्द दिलाय."

"मी चालवते," आर्लिस म्हणाली. ती बटाट्याच्या लेफ्सा भाजत होती. लेफ्सा म्हणजे त्यांच्या आजोळची पातळ पोळी. तिने मान वर केली नाही.

हार्लन हसला. मर्विनही हसला, पण जरा जपून. "अगं, अठ्ठावीस फूट आहे ती!"

"आपला धान्याचा ट्रक किती फूट होता?"

"तो... तो ट्रक होता."

"बत्तीस. तीस वर्षं सुगीत तो मी चालवला. मागे दहा शेतकरी खोळंबलेले असताना कोठाराच्या तोंडाशी उलटा लावला. तेव्हा तू कुठे होतास?"

"कापणीच्या यंत्रावर," मर्विन पुटपुटला.

"मग? कामाला ट्रक चालवायचा तर आर्लिस, आणि सहलीला जायचं तर आर्लिस मागे उभी. हा कुठला न्याय रे?"

मर्विन प्लास्टरवरची धूळ झाडू लागला. हार्लनला मात्र राहवेना. "रस्त्यावर कुणीही चालवेल हो, वहिनी. सतरा नंबर बघितलीय का? एकीकडे झाड, दुसरीकडे विजेचा खांब. भले भले तिथे घासून गेलेत."

तेव्हा मर्विनने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "ऐक. सतरा नंबरला एका दमात लावलीस तर मी स्वतः जोलीनला फोन करून सांगेन, क्लारा राहणार. नाही जमलं तर चावी हार्लनला. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली आणि लेफ्सा उलटली.

पंधराव्या दिवशी सकाळी ती चाकावर बसली. आधी खुर्ची पुढे ओढली, मग आरसे आपल्या उंचीला लावून घेतले. एकोणीस वर्षे त्या आरशांत तीच दिसत होती, आता ती त्यातून बाहेर बघत होती. तिने चावी फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. तसे माझे वय नाही, पण तो दिवस वेगळा होता.

डोंगर दुरून साजरा दिसत होता, जवळ गेल्यावर त्याने दात दाखवले. चढावर मी धापा टाकू लागले. मर्विन शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत होता. "गिअर खाली घे, आर्लिस... आर्लिस, गिअर..." "घेतलाय." खरोखर घेतला होता. उतारावर तर तिने ब्रेकवर फारसा पायच ठेवला नाही. गव्हाने भरलेला ट्रक कसा उतरवायचा हे ज्याला कळते त्याला मी काय जड? खाली सपाटीवर आलो तेव्हा मर्विनचा पाय शांत झाला होता. "बरी चालवतेस," तो म्हणाला. पन्नास वर्षांच्या संसारात हे त्याच्या तोंडचे मोठेच भाषण होते.

मेस्कीट वेल्सला पोचलो तर हार्लनने आधीच बातमी पसरवलेली. वीसेक खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि मधल्या खुर्चीत तो स्वतः. सतरा नंबर समोरच. मागे सरताना माझ्या उजवीकडे काँक्रीटचा खांब, डावीकडे काटेरी झाड, त्याची एक फांदी जागेवर आडवी आलेली. दोन्हीकडे हातभर मोकळे असेल नसेल.

मर्विन खाणाखुणा करायला उतरला. आणि मित्रांनो, तो कुठे उभा राहिला असेल? माझ्या समोर! काचेसमोर, छाती काढून. आर्लिस एवढी वर्षे नेमकी कुठे उभी राहते हे त्याने कधी बघितलेच नव्हते. समोरून त्याला माझी शेपूट दिसेना, आणि तोंड आमच्याकडे असल्याने त्याचे डावे ते आमचे उजवे. त्याने डावा हात जोरात बाजूला केला. त्याचे ऐकले असते तर मी सरळ खांबाला कवटाळले असते.

आर्लिसने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले, आणि चाक बरोबर उलटे फिरवले.

त्याने पुन्हा हात केला, तिने पुन्हा उलटे केले. मग तिने हसून त्याला हात हलवला, जसा पाहुण्यांना हलवतात, आणि आरशांत बघू लागली. तिला कुणाच्या खुणांची गरजच नव्हती. चाक फिरल्यावर माझी शेपूट किती झोक खाते, हे चाकावर बसणाऱ्याला कधीच दिसत नाही. ते मागे उभे राहणाऱ्यालाच दिसते, आणि तिने ते एकोणीस हिवाळे पाहिले होते. खांब माझ्या कानाजवळून गेला. फांदी आली, तेव्हा मर्विन टाळूवर टपली मारायला साफ विसरला. तिने आत बसल्या बसल्या स्वतःच्याच टाळूवर टपली मारली, मला उजवीकडे चार बोटे सरकवले आणि फांदी छपराला न शिवता निघून गेली.

मी मागे सरत होते. आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्या खुणेशिवाय, मी मुकाट मागे सरत होते.

शेवटी थांबायची वेळ आली. प्लास्टरमुळे मर्विनला हातांची फुली करता येईना, म्हणून तो नुसताच "थांब! थांब!" ओरडू लागला. ती केव्हाच थांबली होती. मागच्या हद्दीच्या दगडापासून एक वीत अलीकडे.

मग एका म्हाताऱ्या बाईने खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळा तळ उठला. कुणी पेले वाजवले, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी आपल्या गाडीचा भोंगा दाबला. न राहवून मीही दाबला, किंवा आर्लिसने दाबला असेल. हार्लन टोपी काढून खिडकीशी आला. "वहिनी, माझी गाडी सकाळपासून तिरकी लागलीय. जरा येता का?"

"येते. आधी अंडं बघू दे," आर्लिस म्हणाली. तिने तव्यात अंडे फोडले. ठोकळा एकही लावला नव्हता, तरी बलक मधोमध.

मर्विन माझ्या पायरीवर बसला आणि डाव्या हाताने त्याने जोलीनला फोन लावला. "क्लारा राहणार," तो म्हणाला. पलीकडून ती बरेच काही बोलली असावी, कारण तो बराच वेळ नुसता हुंकार भरत होता. शेवटी तिचा मोठा आवाज मलाही ऐकू आला, "पण बाबा, आता चालवणार कोण? ड्रायव्हर मिळाला का?"

मर्विनने आत शेगडीपाशी उभ्या असलेल्या आर्लिसकडे पाहिले. "मिळाली," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मागे उभी होती."

मित्रांनो, त्यानंतर चार हिवाळे झाले. आर्लिस चालवते, मर्विन लेफ्सा भाजतो आणि जाळतो. जुन्या गाडीचे मागणे फार नसते. वर्षातून एकदा छपराच्या फटी बुजवा, टायरांना ऊन लागू देऊ नका, गादीत उंदीर होऊ देऊ नका. आणि गाडी जागेत नीट लागली म्हणून टाळ्या वाजवाल, तेव्हा आधी आरशात बघा. तिथे कुणीतरी उभे असते. एक दिवस चावी त्याच्याही हातात द्या.